कुणी कुणाला लुटले?

गावातल्या सर्वांत श्रीमंत सावकाराने एके दिवशी चावडीवर येऊन ‘या गावाने मला लुटले हो!’ म्हणून टाहो फोडावा आणि गावकऱ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहावे, तसा प्रकार २०२५ सालच्या २ एप्रिलला घडला. सावकार म्हणजे अमेरिका आणि चावडी म्हणजे व्हाइट हाउसच्या आवारातली बाग. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या दिवसाचे ‘मुक्तिदिन’ असे बारसे केले आणि कोणत्या देशाच्या मालावर किती जकात बसणार याचा फलक हातात धरून तो जगाला वाचून दाखवला. त्या यादीत हर्ड आणि मॅक्डोनाल्ड या नावाची, पार दक्षिणेकडच्या समुद्रातली बेटे होती. तिथे माणूस राहत नाही, पेंग्विन राहतात. दहा टक्के जकात त्यांच्याही वाट्याला आली. पेंग्विनांनी अमेरिकेला नेमके कसे लुटले, याचा खुलासा कुणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

हे हसण्यावारी नेता आले असते तर बरे झाले असते. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या मालावर आधी पंचवीस आणि मग, रशियाचे तेल घेतो या अपराधाबद्दल, आणखी पंचवीस अशी पन्नास टक्के जकात बसली. अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्याचे दागिने घडवणाऱ्या कारागिरांपासून आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबी पाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा आला. ऑगस्टअखेर आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची पार्सले घेणे थांबवावे लागले. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आल्यावर. मधल्या काळात सप्टेंबर महिन्यात परदेशातून नवा तंत्रज्ञ आणू पाहणाऱ्या मालकाने एच-वन-बी परवान्यासाठी एक लाख डॉलर भरावेत, असे फर्मान निघाले. हे दर आणि ही फर्माने आज चढतात, उद्या उतरतात. न्यायालयात जातात, वाटाघाटीत बदलतात. त्यांचा हिशेब वर्तमानपत्राने ठेवावा. आमचा झगडा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या विचाराशी आहे.

तो विचार असा : अमेरिकेने भोळेपणाने आपले दार सताड उघडे ठेवले, जगाने आत शिरून तिचे कारखाने, तिच्या नोकऱ्या आणि तिची विद्या पळवली, तेव्हा आता दार लावून घेणे हाच शहाणपणा. हा विचार केवळ तिकडचा नाही. आपल्या दिवाणखान्यांतही तो सुखाने पाय पसरून बसला आहे. ‘त्यांचे तरी काय चुकले हो? प्रत्येकाने आपले घर पाहावे’ असे म्हणणारे एक काका प्रत्येक घरात सापडतात. आणि गंमत अशी की त्यांचाच मुलगा न्यू जर्सीत असतो. दुसऱ्या बाजूला, खुला व्यापार म्हणजे सगळ्यांचेच कल्याण, त्यात कुणाचे नुकसान होतच नाही, असे पोपटासारखे बोलणारे पंडितही आहेत. आम्हांला दोघांशीही भांडावयाचे आहे. अमेरिकेची तक्रार इतिहास म्हणून खोटी आहे. तिचा एक कोपरा मात्र खरा आहे, अगदी रडू यावे इतका खरा आहे. आणि त्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या पदरात दार लावून काहीही पडणार नाही.

आधी विद्या पळवण्याची गोष्ट घेऊ. १७८९ साली सॅम्युएल स्लेटर नावाचा एकवीस वर्षांचा इंग्रज तरुण जहाजाने अमेरिकेला गेला. कापडगिरणीतल्या कारागिराने देश सोडू नये आणि यंत्राचा नकाशा बाहेर जाऊ नये असा इंग्लंडचा कायदा होता. म्हणून पठ्ठ्याने कागदाचा कपटाही बरोबर घेतला नाही; शेतमजुराच्या वेषात गेला असे सांगतात. सूतकताईची सगळी यंत्रे त्याच्या डोक्यात होती. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला त्याने ती आठवणीवरून उभी केली. इंग्लंडात त्याच्या गावाकडची माणसे त्याला देशद्रोही म्हणाली. अमेरिकेने त्याला आपल्या कारखानदारीचा जनक म्हटले. पुढे वीस वर्षांनी बोस्टनचे फ्रान्सिस कॅबट लोवेल हे प्रतिष्ठित व्यापारी इंग्लंडात गिरण्या पाहत हिंडले आणि परत येऊन त्यांनी यंत्रमाग बनवला, तोही आठवणीवरूनच. अमेरिकनांची स्मरणशक्ती त्या काळी मोठी दांडगी असली पाहिजे.

पुस्तकांचेही तेच. परदेशी लेखकाचा हक्क अमेरिकेचा कायदा १८९१ सालापर्यंत मानीतच नसे. चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिकडे गेला, तेव्हा त्याच्या कादंबऱ्यांच्या फुकट छापलेल्या प्रती घरोघर होत्या. त्याने भर समारंभात याबद्दल तक्रार केली, तर तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यालाच लोभी ठरवले! आणि जकातीचे म्हणाल, तर अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९१ सालीच काँग्रेसपुढे अहवाल मांडून, बाल उद्योगांना जकातीचे कुंपण घाला आणि परदेशी कारागीर व यंत्रे मिळतील तिथून आणा, असे सांगून ठेवले होते. यादवी युद्धानंतर तर जकातपात्र मालावर सरासरी चाळीस-पन्नास टक्के कर असे. आम्ही हे अमेरिकेला हिणवण्यासाठी सांगत नाही. वर येणारा प्रत्येक देश असाच वर येतो; पाहून, उचलून, गिरवून, आणि मग स्वतःचे काही घडवून. जर्मनी असाच आला, जपान असाच आला, चीन असाच आला. जो स्वतः या शिडीने माडीवर चढला, त्याने खालून चढणाऱ्याला चोर म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता भोळेपणाचे पाहू. अमेरिकेने दार उघडले ते हात पोळल्यावर. १९३० साली स्मूट आणि हॉली या दोन प्रतिनिधींच्या नावाचा जकात कायदा आला. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी सह्या करून राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना विनवले की यावर सही करू नका. त्यांनी केली. कॅनडाने लागलीच उलट जकात बसवली, युरोपातल्या देशांनी बसवली, आणि चार वर्षांत जगाचा व्यापार किमतीच्या मापाने एक तृतीयांशावर आला. सगळे पाप त्या कायद्याचे नव्हे; महामंदी होतीच. पण बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधला गेला, यात शंका नाही. १९३४ साली कॉर्डेल हल या परराष्ट्रमंत्र्याच्या पुढाकाराने देवाणघेवाणीचे करार सुरू झाले, आणि १९४७ साली जिनीव्हात तेवीस देशांनी जकात उतरवण्याचा करार केला. त्या तेविसांत आपण होतो. युद्धात युरोप आणि जपान यांची राखरांगोळी झालेली. चालते कारखाने काय ते अमेरिकेत. आपला माल खपायला गिऱ्हाईक पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा पाहिजे, हे ओळखण्याइतकी अमेरिका शहाणी होती. याला दूरदृष्टी म्हणा, आम्ही टाळी वाजवू. पण दानधर्म म्हणू नका.

दानधर्माचा अनुभव आपल्या आयाआज्यांना आहे. रेशनवर मिळणारा तो तांबडा गहू आणि ती मिलो ज्वारी त्यांना विचारा. भाकरी थापता थापता तुटायची म्हणून त्या अजून नावे ठेवतात. तो गहू आला १९५४ च्या अमेरिकन कायद्याने, ज्याला आपण ‘पी. एल. ४८०’ म्हणत होतो. त्या कायद्याचे नाव शेतमालाच्या ‘व्यापारवृद्धी’चे होते, आणि त्याचा पहिला हेतू अमेरिकन शेतकऱ्याच्या कोठारात साठून भाव पाडणारे धान्य बाहेर काढणे हा होता. त्या गव्हाने आपली पोटे भरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण १९६५-६६ च्या दुष्काळात व्हिएतनामबद्दल आपण चार शब्द बोललो, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एकेक जहाज मोजून सोडले, हेही विसरू नये. दान देणारा हात असा मुठीत दोरी धरून नसतो.

आणि या सगळ्या देवघेवीत अमेरिकेचे बुडाले काय? १९६० साली जगाच्या एकूण उत्पन्नातला तिचा वाटा चार दशांशांच्या घरात होता; आज तो पावाच्या आसपास आहे. हा आकडा सांगून तिकडचे वक्ते रडतात. पण त्याच काळात अमेरिकेचे दरडोई उत्पन्न, महागाई वजा जाता, तिपटीहून जास्त झाले हे ते सांगत नाहीत. वाटा घटला याचा अर्थ एवढाच की शेजाऱ्यांच्याही चुली पेटल्या. शेजारी जेवला म्हणून आपले ताट रिकामे झाले, असे मानणारी माणसे असतात. चाळीत राहिलेल्यांना ती ठाऊक आहेत. १९७६ पासून दरसाल अमेरिका विकते त्यापेक्षा अधिक माल विकत घेत आली आहे. म्हणजे जगाने घामाने केलेल्या वस्तू तिच्या घरी जातात आणि बदल्यात जग तिचे डॉलर घेऊन येते. ते डॉलरही बहुतांशी फिरून तिच्याच सरकारच्या रोख्यांत आणि तिच्याच कंपन्यांत जाऊन बसतात. असे लुटले जाणे कुणाला आवडणार नाही?

पण खरी लूट पाहावयाची असेल तर मालाच्या नव्हे, माणसांच्या खात्यात डोकावले पाहिजे. इथे आमच्या मराठी वाचकांनी कान द्यावा.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या धैर्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, आणि तिकडच्या कार्पेंटर मावशींनी त्यांना पोटच्या मुलीसारखे ठेवले हेही सांगतो. ते सगळे खरे आहे. जे सांगत नाही ते असे की, त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ च्या मे महिन्यात, चिनी मजुराला अमेरिकेत पाऊल ठेवू न देण्याचा कायदा तिथे झाला होता. रेल्वेचे रूळ पश्चिमेच्या डोंगरांतून ज्यांनी सुरुंग लावून नेले, तेच हे चिनी. विद्यार्थी म्हणून आलेल्या एका ब्राह्मण तरुणीचे पूर्वेकडच्या शहरात कौतुक झाले. मजुरी करायला आलेल्याला पश्चिमेकडे धक्के मिळाले. पाहुणा आणि कामकरी यांच्यातला हा भेद अमेरिकेच्या दाराला पहिल्यापासून आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही विद्यार्थी म्हणूनच. पुढे १९१७ साली हिंदुस्थानसकट जवळजवळ सगळ्या आशियाभोवती रेघ ओढून तिथल्या मजुराला बंदी झाली.

भगतसिंग थिंद यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितले. कायदा म्हणे, गोऱ्या माणसाला नागरिकत्व मिळेल. थिंद म्हणाला, तुमच्याच वंशशास्त्राच्या पंडितांप्रमाणे मी आर्य, कॉकेशियन, म्हणून मी गोरा. (हा युक्तिवाद आपल्याला शोभणारा नव्हे, पण उपाशी माणसाच्या युक्तिवादाकडे तेवढ्या बारकाईने पाहू नये.) १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पंडित काहीही म्हणोत, साध्या माणसाच्या समजुतीप्रमाणे तू गोरा नाहीस. आधी मिळालेली नागरिकत्वेही त्यानंतर कित्येक हिंदी लोकांकडून काढून घेण्यात आली. थिंदला नागरिकत्व मिळाले ते १९३६ साली, माजी सैनिक म्हणून. १९४६ साली मेहेरबानी होऊन दार किलकिले झाले : वर्षाला शंभर हिंदी माणसे! अख्ख्या हिंदुस्थानातून शंभर.

मग १९६५ साली वंशावरचे हे हिशेब रद्द झाले, आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. का घेतले त्यांना? त्याच वर्षी वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कायदा तिथे झाला, इस्पितळे भरली, आणि डॉक्टर पुरेनात. डॉक्टर तयार करायला काय लागते ते आपण जाणतो. मुंबईचे ग्रँट मेडिकल, पुण्याचे बी. जे., नागपूरचे मेडिकल. तिथला खर्च कुणी केला? ज्या शेतकऱ्याच्या तालुक्यात एक डॉक्टर नव्हता, त्याने भरलेल्या करातून तो झाला. पवईच्या आय. आय. टी.ची फी त्या काळी काय होती हे तिथून बाहेर पडलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा. लहानपणची देवीची लस, शाळा, कॉलेज, विद्या असे पंचवीस वर्षांचे संगोपन करून, ऐन कमावत्या वयात आपण माणूस विमानात बसवून दिला. त्याच्या कामाचा, त्याच्या करांचा, त्याच्या शोधांचा लाभ अमेरिकेला झाला. हरगोविंद खुराणा पंजाबातल्या एका खेड्यात वाढले, लाहोरला शिकले. १९६८ चे नोबेल पारितोषिक घेताना ते अमेरिकेचे नागरिक होते. गेलेल्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांना इथे कामच नव्हते, आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पैशांवर कित्येक बहिणींची लग्ने आणि भावांची शिक्षणे झाली. पण लुटल्याची फिर्याद कुणी नोंदवायचीच असेल, तर रांगेत अमेरिकेचा नंबर फार मागे लागेल.

आणि आता त्याच माणसाला, तू आमची नोकरी खाल्लीस, असे ऐकवले जाते. एच-वन-बीच्या परवान्यांपैकी दहांतले सात आपल्या लोकांकडे जातात. कायमच्या वास्तव्याची परवानगी मात्र कोणत्याही एका देशाला सातच टक्के; आइसलंडलाही तेच आणि दीडशे कोटींच्या भारतालाही तेच. त्यामुळे मुलगा तिथे पंधरा वर्षे नोकरी करतो, कर भरतो, घराचे हप्ते भरतो, आणि नोकरी सुटली तर साठ दिवसांत दुसरी शोध किंवा देश सोड, या टांगत्या तलवारीखाली झोपतो. इकडे आईवडील समजतात, चिरंजीव स्थिरस्थावर झाले.

आता वर येणाऱ्या परदेशांची भीती. ही भीती नवी नाही. फक्त तिचा चेहरा बदलतो. चीनच्या आधी तिथे जपान बसला होता. १९८० च्या सुमारास डेट्रॉइटचे मोटार कारखाने मंदीत सापडले, कारण पेट्रोल महागले होते आणि त्यांच्या गाड्या पेट्रोल पिणाऱ्या होत्या. जपानी गाड्या लहान आणि काटकसरी. १९८१ साली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारांहून अधिक गाड्या पाठवू नयेत असे त्याच्याकडून ‘स्वेच्छेने’ कबूल करवून घेण्यात आले. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळ मोटार उद्योगातल्या दोघा गोऱ्यांनी व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या दांडक्याने मारले. थोड्याच दिवसांत त्याचे लग्न व्हायचे होते. तो जपानी नव्हता. चिनी वंशाचा अमेरिकन होता. पण रागाला भूगोल येत नाही. मारेकऱ्यांना शिक्षा झाली तीन हजार डॉलर दंड आणि तीन वर्षांची चांगल्या वर्तणुकीची हमी; तुरुंग नाहीच. १९८७ साली काही लोकप्रतिनिधींनी संसदभवनाबाहेर वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर मोठमोठे हातोडे घेऊन तोशिबा कंपनीचा रेडिओ फोडला. तो जपान पुढे दशकानुदशके मंदीत रखडला आणि कुणी त्याचे नावही घेईनासे झाले. दरम्यान होंडाने १९८२ पासूनच ओहायोत मोटारी बांधायला घेतल्या होत्या, अमेरिकन कामगारांच्या हातून.

इथवर आमच्याशी सहमत होणारे वाचक आता कदाचित नाराज होतील, कारण त्या खऱ्या कोपऱ्याकडे वळायचे आहे.

उत्तर कॅरोलायनातल्या कॅनापोलिस या गावात पिलोटेक्स कंपनीच्या गिरण्या होत्या. टॉवेल, चादरी निघत. आजोबा, बाप, मुलगी अशा पिढ्या तिथे खपल्या. २००३ च्या जुलैअखेर एका दिवसात कंपनी बंद झाली आणि त्या परिसरातले चार हजारांहून अधिक लोक घरी बसले. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला होता. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे एक कोटी सत्तर लाख माणसे होती. २०१० साली एक कोटी पंधरा लाख. सगळी चीनमुळे गेली नाहीत. यंत्रांनी बरीच घालवली : टनभर पोलादाला १९८० च्या सुमारास दहा मनुष्यतास लागत, पुढे ते दोनाच्या आत आले. आणि ओहायोतल्या यंग्सटाउनचा पोलाद कारखाना १९७७ च्या सप्टेंबरात बंद होऊन पाच हजार लोक बेकार झाले, तेव्हा तर चीन जगाला जवळजवळ काहीच विकत नव्हता. तरी डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून जे दाखवून दिले ते टाळता येत नाही : चिनी मालाचा तडाखा ठरावीक गावांवर बसला, आणि ती गावे दहा-दहा वर्षे उठली नाहीत. माणसे दुसरीकडे जातील, दुसरे काम शिकतील, असे पुस्तकात लिहिले होते. ती गेली नाहीत. पन्नाशीच्या बाईने घर, म्हातारी आई आणि देऊळ-चर्च सोडून कुठे जावे?

गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळात काय झाले, आणि गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत गिरणीकामगाराच्या मुलाला कोणते काम मिळाले, हे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. कॅनापोलिसच्या गिरणीच्या जागेवरही २००८ साली संशोधन संस्थांचे एक भव्य आवार उघडले. तिथे पदवीधर लागतात.

आता खुल्या व्यापाराच्या पंडितांना आमचा सवाल. त्यांचा सिद्धांत असा की व्यापाराने होणारा एकूण नफा इतका मोठा असतो की त्यातून नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही उरेल. सिद्धांत बरोबर आहे. पण ‘देता येईल’ आणि ‘दिली’ या दोन क्रियापदांत कॅनापोलिसच्या चार हजार संसारांची माती झाली. स्वस्त टॉवेल सगळ्या अमेरिकेने वापरले, दुकानदारीच्या साखळ्या आणि शेअरबाजार गब्बर झाले, आणि त्या नफ्यातून कामगाराला काय मिळाले? राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६२ साली व्यापार खुला करतानाच, परदेशी मालाने ज्याचे काम जाईल त्याला भत्ता आणि नवे शिक्षण देण्याची योजना कायद्यात घातली होती. ती कायम अपुरी राहिली. त्यात आजारपणाचा विमा अमेरिकेत बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतो. म्हणजे ज्या दिवशी काम गेले त्या दिवशी औषधही गेले. ही लूट झाली खरी, पण घरातल्या घरात झाली. शांघायच्या शिवणयंत्रावर बसलेल्या पोरीने ती केलेली नाही. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ म्हणतात ते हेच.

‘अहो, पण चीन लबाडी करतो त्याचे काय?’ करतो. सरकारी पैशाने कारखाने पोसतो, परदेशी कंपनीकडून विद्या काढून घेतो, स्वतःचे दार अर्धेच उघडतो. त्याबद्दल त्याच्याशी भांडावे, लढाईला लागणारा माल घरी करावा. आमचा आक्षेप नाही. पण त्यासाठी कॅनडाला, व्हिएतनामला, आपल्याला आणि पेंग्विनांना एकाच काठीने हाणण्याचे कारण काय?

आणि त्या काठीने कामगाराचे भले होते म्हणावे, तर हिशेब तयार आहे. २०१८ च्या जानेवारीत परदेशी कपडे धुण्याच्या यंत्रांवर जकात बसली. तिन्ही गोष्टी गृहिणींनी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, यंत्रे सुमारे बारा टक्क्यांनी महागली. परदेशी तर महागलीच, पण अमेरिकन कंपन्यांनीही संधी साधली. दोन, कपडे वाळवण्याच्या यंत्रावर जकात नव्हती, तरी तेही तितकेच महागले, कारण तिकडे ही जोडी एकत्रच घेतात. आणि नव्या नोकऱ्या झाल्या सुमारे अठराशे. अर्थशास्त्रज्ञांनी भागाकार केला तेव्हा गिऱ्हाइकांच्या खिशातून एकेका नोकरीमागे वर्षाला आठ लाख पंधरा हजार डॉलर गेले असे निघाले! एवढ्या पैशात कामगाराला घरी बसवून पेन्शन दिले असते तर? त्याच वर्षी चीनने उलट जकात बसवून अमेरिकन सोयाबीन घेणे जवळजवळ थांबवले, तेव्हा शेतकऱ्यांना शांत करण्यासाठी दोन वर्षांत मिळून अठ्ठावीस अब्ज डॉलरांची मदत जाहीर करावी लागली. जकात परदेश भरतो, हे भाषणात ठीक. बंदरात ती भरतो तिथला आयातदार, आणि तो ती कुणाकडून वसूल करतो हे सांगायला नकोच.

शिवाय भिंत एकदा बांधली की ती पाडायला कुणाला आठवत नाही. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, त्याचा सूड म्हणून १९६४ साली अमेरिकेने बटाट्याचे सत्त्व, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि लहान मालमोटारी यांवर पंचवीस टक्के जकात बसवली. बाकीच्या वस्तू कालांतराने सुटल्या. मालमोटारींवरचा कर २०२४ साली साठ वर्षांचा झाला तरी जागचा हलला नव्हता. कोंबड्या केव्हाच्या खाऊन झाल्या.

भिंतीआड काय पिकते हे विचारायचे तर अमेरिकेने आपल्याला विचारावे. १९९१ पूर्वी आपल्याकडे काही वस्तूंवर तीनशे टक्क्यांच्याही वर जकात होती. मुलीच्या मुंजीच्या वयाच्या भावाने नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात आली तर नशीब समजत. आणि ती विकणाऱ्या कंपनीला गाडी सुधारण्याची गरज कधी भासली नाही, कारण रांग होतीच. आजही आपल्या जकाती काही थोड्या नाहीत. दुसऱ्याच्या भिंतीवर टीका करताना हे झाकून ठेवू नये.

आणि त्या न्यू जर्सीवाल्या काकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ‘मद्रासी कारकुनांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या’ असे फलक लागले होते, तेव्हा याच पिढीने टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे टॅक्सीवाल्या भय्यांची पाळी आली. मराठी तरुणाला काम नव्हते, ही तक्रार तेव्हाही खरी होती. ते काम दाक्षिणात्य टंकलेखकाच्या खिशात नव्हते, हेही तितकेच खरे. आज न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये कुणी आपल्या नातवाकडे बोट दाखवतो, तेव्हा तो त्या फलकाचेच इंग्रजी भाषांतर वाचत असतो.

राहता राहिले केनेडींच्या त्या योजनेचे. १ जुलै २०२२ रोजी तिची मुदत संपली. काँग्रेसने ती वाढवून दिली नाही, आणि त्या दिवसापासून परदेशी मालामुळे काम गेलेल्या नव्या कामगारांचे अर्ज मंजूर होणे बंद झाले. त्यावर ना मोर्चा निघाला, ना संसदभवनाबाहेर कुणी हातोडा उचलला. तीन वर्षांनी बागेत फलक वाचून दाखवला गेला, तेव्हा कामगाराचे नाव पुष्कळदा घेतले गेले. योजनेचे घेतले गेले नाही.